टिचकी मारून घेतलेले स्पीकर

माझ्या नवऱ्याला सगळं जग टिचकी मारून बघायची सवय आहे. सवय कसली, खोड आहे ती, आणि जित्याची खोड कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्या वडिलांनी चहा पुढे केला. ह्यांनी आधी स्वतःच्या कपाला नखानं टिचकी मारली, कान तिरका केला, मग वाकून माझ्या वडिलांच्या कपालाही मारली. आणि म्हणाले, "तुमच्या कपाला तडा आहे. जपून."

वडील नंतर म्हणाले, "आगाऊ आहे." चौथ्या दिवशी तो कप त्यांच्या हातात दुभंगला आणि गरम चहा मांडीवर सांडला. मांडीला मलम लावता लावता वडील म्हणाले, "मुलगा खरं बोलतो." झालं, माझं लग्न ठरलं. आता बोला. माझा सगळा संसार एका फुटक्या कपावर उभा आहे.

हे चिनी मातीच्या बरण्यांच्या कारखान्यात होते. भट्टीतून निघालेली प्रत्येक बरणी ह्यांच्या पुढ्यातून जायची. हे टिचकी मारायचे. खणखणीत वाजली तर पुढे, बद्द वाजली तर बाजूला. बद्द म्हणजे आत कुठेतरी केसाएवढा तडा, डोळ्याला न दिसणारा. अडतीस वर्षं हेच केलं. गावात ह्यांचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही, सगळे टिचकीराव म्हणतात. निरोप समारंभात व्यवस्थापकांनी हार घालून एक मोठी, नक्षीची बरणी भेट दिली, तर ह्यांनी भर स्टेजवर तिला टिचकी मारली आणि माईकसमोर म्हणाले, "ही बदलून द्या." मी पहिल्या रांगेत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

पण ही विद्या ह्यांची नव्हे. ही विद्या अक्काची.

अक्का म्हणजे ह्यांची मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, अक्कानंच ह्यांना वाढवलं, आणि त्या भानगडीत स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. कारखान्यात बरण्या तपासायच्या बाकावर आधी ती बसायची. हे कामाला लागले तेव्हा तिनंच ह्यांना शेजारी बसवून शिकवलं. सुरुवातीला हे तडकलेल्या बरण्या बिनदिक्कत पुढे सोडायचे. अक्का ती बरणी मागं ओढायची, ह्यांच्याकडे न बघता एकच शब्द म्हणायची, "शिकशील." रागावणं नाही, समजावणं नाही. शिकशील, आणि पुढची बरणी.

आता अक्का त्र्याहत्तर वर्षांची आहे, आमच्याकडे पुढच्या खोलीत असते आणि तिला ऐकू येत नाही. भट्टीच्या पंख्यांनी खाल्ले कान. यंत्र आणून दिलं होतं, ते बिस्किटाच्या डब्यात पडलंय. "त्यात सगळी माणसं कावळ्यासारखी बोलतात," म्हणते. कुटुंबात कावळा म्हणून घ्यायला कुणाला आवडेल? मीही आग्रह सोडून दिला.

तिचा एकच शौक होता, रेडिओवरची जुनी गाणी. ऐकणं म्हणजे नुसतं ऐकणं नाही, चुका काढणं. इथं हिनं श्वास चुकीच्या जागी घेतला, तिथं तबलजी झोपला. कान जात चालले तसा रेडिओ कानाजवळ येत गेला, शेवटी कानालाच टेकला. आणि एक दिवस सकाळी तिनं रेडिओ बंद केला, त्यातले सेल काढले, ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "ठेव तुला घड्याळाला. उगाच कशाला जाळायचे."

तिनं डोळ्यातून टिपूस काढला नाही. रडले ते हे. मोरीत नळ सोडून रडत होते, मला कळणार नाही अशी समजूत होती.

कानांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बारीक आवाज गेले ते गेले. जाड आवाज थोडेफार पोचत असतील. खूप मोठा आणि खूप स्वच्छ आवाज मिळाला तर काहीतरी लागेल कानाला. कदाचित." एवढ्या सगळ्यातला एकच शब्द ह्यांनी उचलला, कदाचित. घरी येताना रस्त्यातच जाहीर केलं, "स्पीकर घ्यायचे. चांगले. जगातले चांगले. अक्कानं गाण्यात पुन्हा चूक काढली पाहिजे."

आमच्या गावात स्पीकर विकणारं दुकान एकच. तिथं पंखे, मिक्सर आणि गिझर यांच्यामध्ये दोन स्पीकर होते, लावले की त्यांच्यात लाल-हिरवे दिवे नाचायचे. ह्यांनी टिचकी मारली. प्लॅस्टिक. "हे खेळणं आहे," म्हणाले आणि उठले. खरं दुकान होतं ते दोन दिवसांच्या प्रवासावर. तिथं म्हणे खास खोली असते, आधी वेळ घेऊन जायचं, खुर्चीत बसून ऐकायचं. अक्काच्या गुडघ्यांना आमचा जिनाच झेपत नाही, तिला नेणार कशी? आणि तिला एकटी ठेवून ह्यांनी जायचं म्हटलं तर मी दिवसभर पोस्टात काउंटरवर, तिला ना दाराची बेल ऐकू येत ना कुकरची शिट्टी. आणि मुख्य म्हणजे हे म्हणायचे, "मी ऐकून काय उपयोग? माझ्या कानाला गोड लागेल. कान अक्काचे आहेत."

इथं मी एक गोष्ट मनातच ठेवली. कुकरची शिट्टी अलीकडे ह्यांनाही ऐकू येईनाशी झाली होती. दोनदा डाळ करपली. पण टिचकीरावांना तुमचा कान गेला म्हणणं म्हणजे पैलवानाला त्याच्याच आखाड्यात चिमटा काढणं. मी डाळ टाकून दिली आणि गप्प बसले.

मग हे वाचायला लागले. फोनवर परीक्षणं येतात म्हणे, स्पीकर ऐकून लोक लिहितात. एकदा मला मोठ्यानं वाचून दाखवलं, "या स्पीकरचा खालचा स्वर मखमली आहे, मधला उबदार आहे आणि वरचा हवेशीर आहे."

"अहो," मी म्हटलं, "स्पीकर घेताय की भाड्यानं खोली?"

पुढे एका ग्रुपमध्ये शिरले. तिथं स्पीकरवेडे पुरुष दिवसरात्र भांडत असतात. एक दातांचे डॉक्टर होते, एक निवृत्त बँक मॅनेजर होते. मॅनेजरांनी लिहिलं होतं की त्यांनी स्पीकरची वायर बदलली तर फरक एवढा पडला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मी असते तर लाटणं घेऊन धावत आले असते. पण ह्यांना तो माणूस देवमाणूस वाटला. त्यानं ह्यांना सांगितलं की स्पीकर कुठे ठेवता त्याला फार महत्त्व आहे, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा नेमका त्रिकोण झाला पाहिजे.

त्या त्रिकोणानं माझ्या घराचे बारा वाजवले. पुढच्या खोलीतल्या फरशीवर हे रांगत रांगत चिकटपट्ट्या लावत सुटले. सोफा त्रिकोणाच्या आड येत होता, तो बोळकांडीत गेला. आता आमच्याकडे येणाऱ्याला चपला काढायच्या आधीच बसता येतं. मग जागेची सवय व्हावी म्हणून हे कारखान्यातून बरण्यांचे खोके घेऊन आले, मापानं कापले, चिकटवले आणि दोन पुठ्ठ्याचे स्पीकर त्रिकोणाच्या दोन टोकांवर उभे केले. तिसऱ्या टोकावर अक्काची खुर्ची. महिनाभर मी त्या पुठ्ठ्यांवरची धूळ पुसली. शेजारीण आली, सोफा न दिसल्यामुळे बिचारी एका खोक्यावर टेकली आणि खोक्यासकट खाली गेली, तर हे तिला हात द्यायचं सोडून ओरडले, "अहो, उजवा स्पीकर!"

अक्का हे सगळं खुर्चीतून बघत होती. तिला काही सांगितलं नव्हतं, उगाच आशा नको लावायला म्हणून. तिनं मला जवळ बोलावून विचारलं, "बाळ्याचं डोकं ठीक आहे ना गं?" एकसष्ट वर्षांचा बाळ्या तेव्हा मोजपट्टी तोंडात धरून पडद्यामागे उभा होता. काय सांगणार, कप्पाळ?

एवढं करूनही मूळ प्रश्न तसाच. न ऐकता स्पीकर निवडायचा कसा? त्यावर ह्यांनी जो तोडगा काढला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता, कारण दुसरं कुणी अडतीस वर्षं बरण्यांसमोर बसलेलं नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी त्या लांबच्या दुकानाला फोन लावला. फोन मोठ्यानं लावलेला, मी भाजी चिरत सगळं ऐकत होते.

विक्रेता मुलगा गोड बोलणारा होता. "सर, फोनवरून कसं कळणार? तरी एखादं गाणं लावू का?"

"गाणं नको. फोनवर गाणं लावलं तर मला फोनचा आवाज ऐकू येईल, स्पीकरचा नाही. तुम्ही पेटीला टिचकी मारा."

"काय मारू?"

"टिचकी हो! नखानं. बरणीला मारतात तशी."

पलीकडे खुडबुड. मग टक.

"बद्द," हे म्हणाले. "पुढचा."

टक. "बद्द. पुढचा." टक. "अरेरे. पुढचा." असे सात झाले. शेवटचा सगळ्यांत महाग होता, त्याची किंमत ऐकून मी विळीवरून उठले आणि पाण्याचा घोट घेऊन परत बसले. त्याला टिचकी मारल्यावर तर भिंतीला मारल्यासारखा मेलेला आवाज आला.

"तुमच्या दुकानातला सगळाच्या सगळा माल तडकलेला आहे," ह्यांनी निकाल दिला.

मुलाचा गोडवा संपला. "सर, पेटी बद्दच वाजायला हवी. पेटी गप्प राहिली तरच गाणं स्वच्छ येतं. जितकी बद्द तितकी भारी."

हे माझ्याकडे वळले. "ऐकलंस? आता बद्द माल भारी झाला!" आणि त्याला म्हणाले, "बाळा, मी अडतीस वर्षांत बद्द वाजणारी वस्तू पुढे सोडलेली नाही." आणि फोन ठेवला.

मला त्या मुलाचं पटलं होतं. पण बायकोचं ऐकेल तो नवरा कसला? पुढचे तीन आठवडे ह्यांनी ग्रुपमधल्या प्रत्येकाला आपापल्या स्पीकरला टिचक्या मारायला लावलं. दातांच्या डॉक्टरांनी तर दात ठोकायचं अवजार घेऊन ठोकलं, तोंडात कापूस असलेला एक रुग्ण मागं वाट बघत होता. सगळे बद्द. मॅनेजरांचे स्पीकर बद्द निघाले तेव्हा ते इतके दुखावले की दोन दिवस ग्रुपवर फिरकले नाहीत.

शेवटी त्या दातांच्या डॉक्टरांनी एक नंबर दिला. कुठल्याशा डोंगरापलीकडच्या गावात एक म्हातारा सुतार होता, तो हातानं स्पीकर करायचा, वर्षाला चार जोड्या. पातळ लाकडाचे. निम्मा ग्रुप त्याला अवलिया म्हणायचा, निम्मा वेडा.

"ऐकायला या," सुतार फोनवर म्हणाला.

"येता येत नाही."

"मग घेऊ नका."

"एक टिचकी मारा," हे म्हणाले.

सुतारानं काय, कशाला, काही विचारलं नाही. टणण्! आमच्या फोनमधून असा आवाज आला की माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. हे उठून उभेच राहिले. पलीकडून सुतार म्हणाला, "कुठल्या कामात होता तुम्ही?"

"बरण्या," हे म्हणाले. एक सूर ऐकला नव्हता, स्पीकरचा फोटोसुद्धा बघितला नव्हता, आणि सौदा झाला. महिनाभर ठेवा, नाही पटलं तर परत पाठवा, एवढं मात्र सुतारानं आपणहून सांगितलं. मी म्हटलं, चला, या प्रकरणात एक तरी शहाणा आहे.

स्पीकर आले. दोन हमालांनी जिन्यातून वर आणले, पुठ्ठ्याचे गेले, लाकडाचे उभे राहिले. ह्यांनी डोळे मिटून दोघांनाही टिचकी मारली. "खणखणीत!" मग अक्काचं सगळ्यांत आवडतं गाणं लावलं, तिला न सांगता. तिच्या तोंडासमोर चटईवर बसले आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिले.

गाणं सुरू झालं. खरं सांगते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोटात काहीतरी हललं. खालच्या मजल्यावरचे काका खिडकीतून डोकं काढून वर बघायला लागले.

अक्का खुर्चीत, खिडकीतल्या उन्हात बसून जुन्या ब्लाउजांची बटणं कापत होती. ती कापतच राहिली.

"अक्का!" हे ओरडले. "गाणं लागलंय!"

"काय?"

"गाणं! गाणं!"

अक्कानं त्या दोन पेट्यांकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. तिला समजलं. सगळंच समजलं तिला, चिकटपट्ट्या, खोके, सगळं. ती हसली आणि म्हणाली, "छान आहे हो."

हे छान आम्हाला ओळखीचं होतं. पाहुणे गेल्यावर त्यांनी आणलेल्या भेटवस्तूला ती हेच म्हणते. ह्यांनी आवाज वाढवला. फडताळातले चमचे वाजायला लागले. "छान," अक्का पुन्हा म्हणाली, आणि बटणांकडे वळली. ह्यांनी तोंड फिरवलं. चार महिने घर उलटंपालटं केलं म्हणून मी ह्यांच्यावर इतकी चिडले होते, पण ती पाठ बघून माझा सगळा राग विरघळला आणि मला रडूच आलं. गाणं बंद करायला मी पुढे झाले.

तेवढ्यात अक्का उठली. पाणी प्यायला जायचं होतं तिला. गुडघा धरला होता, म्हणून आधाराला तिनं वाटेतल्या पेटीवर तळहात टेकला.

आणि तशीच उभी राहिली.

मग दुसरा हात ठेवला. मग वाकून गाल टेकवला. मी हात मागं घेतला. अक्का पेटीला धरून तसंच एक कडवं उभी होती, डोळे मिटून, ओठ हलत होते. मग लंगडत लंगडत खोली ओलांडून दुसऱ्या पेटीकडे गेली. तिच्यावर हात ठेवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. हात खाली सरकवला, आणखी खाली. मग वळून ह्यांना म्हणाली, "बाळ्या, याला तडा आहे."

"छे!" हे ताडकन उठले. "मी स्वतः बघितलाय." टिचकी मारली. "खणखणीत आहे!"

"मागं बघ. खाली, कोपऱ्यात."

हे बॅटरी घेऊन जमिनीवर आडवे झाले. मीही वाकले. मागच्या बाजूला, अगदी खाली, दोन फळ्या जुळतात तिथं केसाएवढी रेघ होती. प्रवासात सांधा उकलला होता. हे बराच वेळ तसेच आडवे पडून राहिले. मला वाटलं आता काय होतंय. मग ह्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते. हसता हसता डोळे पुसत होते. "चूक काढली गं! अक्कानं चूक काढली!"

"ओरडू नकोस," अक्का म्हणाली. ती परत पहिल्या पेटीकडे पोचली होती. "आता पुढच्या कडव्यात ती बाई श्वास चुकीच्या जागी घेणार आहे." दोन्ही हात पेटीवर ठेवून ती थांबली, आणि मग समाधानानं मान हलवली. "घेतलाच."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुताराला फोन केला. "सांध्यातला तडा?" तो म्हणाला. "गाणं चालू असताना? कुणी पकडला?"

"माझ्या बहिणीनं. तिला ऐकू येत नाही."

 सुतार म्हणाला, "त्यांना विचारा, माझ्याकडे कामाला येतील का?"

तडकलेली पेटी दुरुस्तीला गेली. उरलेली अक्कानं ओढत ओढत स्वतःच्या खुर्चीपाशी आणून ठेवली. आता ती गाण्याच्या वेळी पेटीच्या खांद्यावर हात टाकून बसते, मैत्रीण असल्यासारखी. त्रिकोण गेला खड्ड्यात. चिकटपट्ट्या मी खरवडून काढल्या, सोफा परत आला. ग्रुपवर ह्यांनी सगळी हकीगत लिहिली, तर मॅनेजरांनी विचारलं, वायर कोणती वापरली?

परवा दुपारी मी पोस्टातून लवकर आले. गाणं चालू होतं. हे अक्काच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले होते, आणि पेटीवर तिच्या हाताशेजारी ह्यांनी स्वतःचा तळहात ठेवला होता. मी दारात चपला वाजवल्या, हाक मारली, दोघांनाही पत्ता नाही. दोघांनाही. मी तिथंच सोफ्यावर बसले.

"कळतंय का काही?" अक्कानं ह्यांना विचारलं.

अडतीस वर्षांत हा माणूस कधी कुणाला 'कळत नाही' म्हणाला नव्हता. पण अक्काला म्हणाले, "नाही गं."

"शिकशील," अक्का म्हणाली, आणि ह्यांच्याकडे न बघता त्यांचा हात धरून पेटीवर जरा खाली सरकवला.